म्हसोबाच्या डोक्यावरची छत्री

नाथाजी हवालदार पलटणीतून पेन्शनीवर घरी आला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण पलटण काही त्याच्यातून बाहेर पडली नव्हती. उजाडायच्या आत दाढी, अंगात खाकी सदरा, आणि बोलण्यात दर चार शब्दांनी 'डिसिप्लिन'. त्याची बायको रंगूबाई शेजारणीला सांगायची, "ह्यांनी लढाईत काय केलं द्येवाला ठावं, पर घरात मला रोज सावधान करत्यात." पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात त्यांची खडकवाडी. गावात कुणाचं वाजलं की नाथाजीला साक्षीला बोलवत, कारण नाथाजी खोटं बोलत नाही, असं गावानं एकदा ठरवून टाकलं होतं. गावानं असं काही ठरवलं की माणसाला ते जन्मभर अंगावर वागवावं लागतं. नाथाजीला त्याचं ओझं वाटत नव्हतं. उलट तो ते मिरवायचा, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच मिरवायचा.

खडकवाडीच्या माथ्यावर उघडा म्हसोबा आहे. म्हसोबा गावोगाव असतात, पण ह्याची तऱ्हा वेगळी. ह्याला डोक्यावर छप्पर चालत नाही. आजा-पणजाच्या काळी कुणा भाविकानं पत्र्याची शेड घातली, तर पहिल्याच वावटळीत पत्रे उडून खालच्या ओढ्यात गेले म्हणतात. तेव्हापासून देवाच्या अंगावर सावली धरायची नाही, असा गावचा दंडक. आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत असला तरी देवापुढं आलं की माणूस छत्री मिटतो आणि गुमान भिजतो. आता मौज अशी, की हा देव म्हणजे शेंदूर फासलेला एक चौकोनी घडीव दगड, आणि त्याच्या माथ्यावर कोरलेलं एक वर्तुळ, वर्तुळात एक ठिपका. गाव त्याला देवाचा डोळा म्हणे. इंग्रजांच्या वेळी मोजणीवाले साहेब दुर्बिणी घेऊन डोंगरोडोंगरी हिंडले, त्यांनी रोवलेली ती खूण होती. पण साहेब निघून गेले, दगड राहिला, आणि मागं राहिलेल्या दगडाला आपल्याकडे शेंदूर लागायला किती वेळ लागतो?

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्या खुणेच्या शोधात पुन्हा एक सरकारी पार्टी आली. साहेबांचं नाव देवस्थळी. मूळचे पुण्याकडचे, चष्मेवाले, सडपातळ, शब्दाला पक्के. त्यांनी दुर्बीण आणली नव्हती. एक लोखंडी पेटी, मोटारीच्या असतात तशा बॅटऱ्या आणि तीन पायांची एक तिकाटी, तिच्यावर ताटासारखी चकती आणि चकतीवर उभा दांडा असलेलं एरियल. हे सगळं डोक्यावरून वर नेलं, आणि तिकाटी नेमकी म्हसोबाच्या डोक्यावर, छत्री धरावी तशी, उभी राहिली. गावाचे डोळे पांढरे झाले. पण सरकारी काम, शिवाय जीप घेऊन आलेला साहेब, त्यामुळं लालासाहेब पाटलांनीही "चार-आठ दिवसांचा प्रश्न हाय, सोसंल द्येव" म्हणत परवानगी दिली.

राखणीला साहेबांनी नाथाजीला ठेवलं. फौजी माणूस म्हणून त्याच्यावर त्यांचा पहिल्या दिवसापासून जीव. ही पेटी आकाशातल्या उपग्रहावरून मोजणी करते असं कानावर आलं होतं, म्हणून नाथाजीनं विचारलं, "सायब, ह्यो उपग्रह दिसतुया कुठं?"

"दिसत नाही हवालदार, ऐकू येतो," साहेब म्हणाले. "तुम्ही मिरजेच्या स्टेशनावर गाडी येताना ऐकली असेल. अंगावर येते तोवर शिट्टी चढी, पुढं निघून गेली की उतरी. माणसानं आकाशात सोडलेल्या ह्या चांदणीचंही तसंच आहे. तिची शीळ केव्हा आणि किती उतरली ते ही पेटी टिपून ठेवते. चांदणी कुठून गेली ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. मग आपण कुठं उभे आहोत ते गणितानं निघतं."

त्याच वेळी तिकडं सांगली जिल्ह्यात दुसऱ्या एका डोंगरावर दुसरी पेटी त्याच चांदणीची तीच शीळ ऐकत होती. दोन्हीकडचं टिपण जुळवलं की दोन डोंगरांमधलं अंतर हातभराच्या फरकानं कळणार होतं. जुन्या साहेबांना ह्या कामासाठी डोंगराडोंगरांवर आरसे धरून उन्हाचे कवडसे पाडावे लागत, ढग आले की आठवडेच्या आठवडे हात चोळत बसावं लागे. आता ढग असो, धुकं असो, पेटी आपली ऐकत राहते. अट एकच. एरियल त्या ठिपक्याच्या बरोब्बर डोक्यावर हवं, आणि चांदणीच्या पुरेशा फेऱ्या टिपून होईपर्यंत ते तसूभरही हलता कामा नये. साहेब रोज सकाळी एरियलखाली ओळंबा सोडून टोक ठिपक्यावर आहे ना ते बघत. "हे हललं," ते नाथाजीला म्हणाले, "तर इथलंही मातीत आणि तिकडच्या डोंगरावरचंही मातीत."

"मुंगी चढू द्यायचो न्हाई, सायब," नाथाजी म्हणाला आणि त्यानं टाच आपटली.

पार्टीबरोबर धोंडिराम नावाचा एक खलाशी, म्हणजे मोजणीचं सामान वाहणारा गडी, होता. कुंडलचा, तिशीच्या आतला, काळासावळा, मान खाली घालून काम करणारा. छप्पन सालानंतर त्याच्या आई-बापांनी दीक्षा घेतलेली, तेव्हा म्हसोबा त्याच्या लेखी दगड होता. पण तो कुणाच्या भावनेला नख लावायचा नाही. बॅटऱ्या डोक्यावरून खाली न्यायच्या, भरून आल्या की वर आणायच्या, पेटीची काळजी घ्यायची, हे सगळं त्याच्याकडं. तो हंगामी होता. ह्या कामावर साहेब खूश झाले तर त्याला कायम करून घेणार होते, आणि तसं त्यांनी बोलून दाखवलं होतं. धोंडिराम ते दिवसातून एकदा तरी नाथाजीला सांगायचा. "काका, कायम झालो म्हंजी आईला पडकं घर सोडाया लावीन."

साहेब मुक्कामाला खाली, पार्टीतले बाकीचे खलाशी त्या दुसऱ्या डोंगरावर, म्हणून वर दोघंच. गप्पा मारायला तिसरं माणूस नाही. नाथाजीची भाकरी आणि धोंडिरामचं कोरड्यास एकाच फडक्यावर यायला लागलं. नाथाजीला ह्याचा मनातून अभिमान वाटे, की पलटणीनं आपल्याला असलं काही पाळायला शिकवलं नाही. मात्र धोंडिराम कधी निरोप घेऊन त्याच्या घरी गेला तर रंगूबाई त्याला वरून धार धरून पाणी घाली, आणि ते बघताना नाथाजीला एकाएकी गोठ्यात काहीतरी काम आठवे.

सुरुवातीलाच एक लहानशी गोष्ट घडली होती. धोंडिरामनं धुतलेला पंचा तिकाटीच्या पायावर वाळत टाकला. साहेबांनी ते पाहिलं आणि अशी खरडपट्टी काढली की धोंडिराम दिवसभर जेवला नाही. पुन्हा त्यानं तिकाटीला बोट लावलं नाही. पण साहेबांच्या मनात ते राहिलं.

इकडं घरात निराळंच पेटलं होतं. रंगूबाईच्या म्हशीनं पान्हा चोरला. सकाळ-संध्याकाळ चरवी भरून देणारी म्हैस, तिला आंजारलं, गोंजारलं, पुढ्यात पेंड ठेवली, तरी तांब्याभर दुधावर येईना. रंगूबाईला कारण शोधायला पंचांग लागलं नाही. म्हसोबा म्हशींचा देव, आणि त्याच्या डोक्यावर छत्री कुणी राखली आहे? तिच्या नवऱ्यानं!

"आवं, साऱ्या गावाची जनावरं सोडून आपलीच का आटली?" तिनं कमरेला पदर खोचून विचारलं. "तुमी त्या छत्रीखाली राखन करताय म्हनून."

"येडी हायस. सरकारी काम हाय ते," नाथाजी म्हणाला.

"सरकार धार काढाया येनार हाय व्हय?"

ह्यावर पलटणीत काही शिकवलेलं नव्हतं. गल्लीतल्या बायकाही रंगूबाईच्या बाजूनं झाल्या. शेजारची धोंडुबाई तर पाणवठ्यावर म्हणाली म्हणे, की हवालदाराला देवापेक्षा साहेब मोठा झाला. नाथाजी हसण्यावारी न्यायला बघायचा, पण घरात जेवण मुकाट वाढलं जाऊ लागलं, आणि मुक्या बायकोचं जेवण कुणाला गोड लागलंय? शिवाय आत कुठंतरी, पलटणीच्या, डिसिप्लिनच्या आणि टाचा आपटण्याच्या खाली, त्यालाही वाटत होतं की देवाच्या डोक्यावर सावली धरली हे काही बरं झालं नाही.

साहेब त्या वेळी दोन दिवसांसाठी कऱ्हाडला गेले होते. बॅटरी भरायचं यंत्र बिघडलं होतं. जाताना "हवालदार, आता तुमच्यावर आहे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडिराम झऱ्यावर पाणी आणायला उतरला, आणि नाथाजीनं संधी साधली. बायकोनं फडक्यात बांधून दिलेला नैवेद्य त्यानं सोडला. तिकाटी दोन्ही हातांनी उचलली आणि हातभर बाजूला ठेवली. म्हसोबाच्या डोक्यावर लख्ख ऊन पडलं. त्यानं कापूर लावला, नारळ वाढवला, कान धरले, "चुकलं आसंल तर पदरात घे" म्हणाला. देवाला पोटभर ऊन खाऊ दिलं. मग तिकाटी उचलून होती तिथं ठेवली. पलटणीत मशीनगनच्या तिकाट्या त्यानं आंधळ्या अंधारात मांडल्या होत्या. एक डोळा मिटून बघितलं, आणि त्याला ती बरोबर जागच्या जागी दिसली.

घागर खांद्यावर घेऊन धोंडिराम वर आला तो जागीच थबकला. कापराची काजळी, नारळाचं पाणी, आणि मातीत तिकाटीच्या पायांच्या जुन्या खळग्यांशेजारी नवे खळगे.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "हलवलंसा?"

"जरा बाजूला केलं. परत हुतं तितंच ठेवलंय."

"आवं, त्ये डोळ्यानं ठेवायचं नसतं. वळंबा लावावा लागतो. सायब आलं की लगीच सांगा. आल्या आल्या सांगितलं तर दोन रोजाचं काम वाया जाईल, पर बाकीचं वाचंल. दडवलं तर समदंच जाईल." तो गयावया करून बोलत होता. "सांगशिला नव्हं?"

"सांगतो की. माज्यावर सोड," नाथाजी म्हणाला. "तू मात्र मदीच तोंड उघडू नगंस. माजं मला सांगू दे."

आणि तो खरंच सांगणार होता. हे त्याच्या बाजूनं एवढं तरी म्हटलं पाहिजे. रात्रभर तो मनात वाक्यं जुळवत होता. पण संध्याकाळच्या धारेला म्हशीनं चरवी काठोकाठ भरली होती, रंगूबाईनं खूप दिवसांनी हसून वाढलं होतं, आणि भरल्या पोटी माणसाला आपली चूक लहान वाटायला लागते. (घरातल्या सुनेनं मध्यंतरी पेंड बदलली होती ती परत जुनी आणली, म्हणून म्हैस पान्हावली, हे रंगूबाईला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. तेव्हा तिनं ते कुणाला सांगितलं नाही.)

साहेब सकाळी वर आले ते लालासाहेब पाटलांना घेऊनच. गावच्या मानकऱ्याला यंत्र दाखवावं असा त्यांचा हेतू. आल्या आल्या त्यांनी सवयीनं ओळंबा सोडला. टोक हलत हलत स्थिर झालं, आणि ठिपक्यापासून चांगलं चार बोटं बाजूला उभं राहिलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाकले. टोक तिथंच होतं. कधी हललं, ह्याआधीही कुणी हलवून परत ठेवलं होतं का, कशाचाच पत्ता नाही, म्हणजे आधीच्या टिपणांवरही भरवसा उरला नाही. मग ते सरळ झाले आणि त्यांनी धोंडिरामकडं बघितलं.

"पुन्हा पंचा वाळत घातलास?"

"न्हाई, सायब."

"मग कसं हललं? वाऱ्यानं?"

धोंडिरामनं नाथाजीकडं बघितलं. त्या नजरेत आरोप नव्हता. वाट बघणं होतं. आता बोलतील काका, असं त्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

नाथाजीनं तोंड उघडलंही. तेवढ्यात लालासाहेब हातातली काठी आपटत म्हणाले, "सायब, ह्या लोकास्नी द्येवाचं काय आन् धर्माचं काय! द्येवाच्या अंगावर कापडं वाळवतोय ह्यो. आमी गप बसलो, सरकारी मानूस म्हनून."

"हवालदार," साहेब वळून म्हणाले, "तुम्ही फौजी आहात. तुम्ही सांगा, काय झालं ते."

काय झालं ते नाथाजीला सांगता येत होतं. जुळवलेली सगळी वाक्यं ओठांवर होती. पण लालासाहेब उभे होते, नाथाजी खोटं बोलत नाही हे ज्यांनी गावात ठरवलं त्यांच्यातले एक. साहेबांचा त्याच्यावर विश्वास होता. आणि राग आधीच दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा होता. नाथाजीच्या तोंडून निघालं ते असं.

"मी तवा जेवाया घरी गेलतो, सायब."

बस्स. एवढंच. धोंडिरामनं केलं, असं तो म्हणाला नाही. पुढं कित्येक दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला, की मी त्याचं नाव घेतलं नाही. पण डोंगरावर माणसं दोनच होती. एकजण जेवायला गेला म्हटल्यावर दुसऱ्याचं नाव घ्यायला कशाला लागतंय? वड्याचं तेल वांग्यावर निघालं, ते असं सहज, एका जेवणाच्या थापेवर.

धोंडिरामनं मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही. साहेब म्हणाले, "तू आजच निघ. पुढच्या कुठल्याही पार्टीत मला तू दिसता कामा नयेस." त्यानं ट्रंक उचलली. जाताना नाथाजीसमोर क्षणभर थांबला. नाथाजीला वाटलं, आता हा थुंकणार, निदान दोन शिव्या तरी देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"येतो, काका," धोंडिराम म्हणाला आणि पायवाटेला लागला.

एरियल पुन्हा ओळंब्यावर बसवलं, काम पहिल्यापासून सुरू झालं, संपलं, पार्टी निघून गेली. जाताना साहेबांनी नाथाजीचा हात हातात घेऊन त्याचे आभार मानले. नाथाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला तो हात दिवसभर त्याला परक्याचा वाटत होता.

हे एवढ्यावर दडपून गेलं असतंही. पण रंगूबाईच्या पोटात गोष्ट कुठली टिकायला! तिनं धोंडुबाईला सांगितलं, धोंडुबाईनं गावाला. आणि गावानं काय करावं? गाव खूश झालं. म्हसोबाच्या जत्रेत लालासाहेबांनी चारचौघांत नाथाजीच्या डोक्याला पटका बांधला, हातात मानाचा नारळ दिला. "सायबाच्या नाकावर टिच्चून गड्यानं द्येवाचं डोकं उघडं केलं," ते म्हणाले. "आन् पठ्ठ्यानं पत्ता लागू दिला न्हाई. ह्येला म्हंत्यात फौजी!" लोक हसले, हलगी कडाडली.

नाथाजी नारळ हातात धरून उभा राहिला. "आवं, पर त्या पोराची नोकरी गेली," तो म्हणाला.

"कुनाची?" लालासाहेबांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांना तो आठवत नव्हता.

त्या दिवसापासून नाथाजीचं अन्न तुटलं. दाढी वाढली. कुणी साक्षीला बोलवायला आलं तर तो मागल्या दारानं गोठ्यात जायचा. रंगूबाई घाबरली, अंगारा लावू लागली, तर तिच्यावर तो असा खेकसला की ती रडायलाच लागली. मग एका सकाळी त्यानं सदरा चढवला आणि पाटणहून कऱ्हाडची एस. टी. धरली.

पुढं कुंडलला धोंडिरामचं घर शोधायला वेळ लागला नाही. धोंडिरामची आई भामाबाई दारातच शेंगा फोडत होती. नाव सांगताच म्हातारी लगबगीनं उठली. "म्हंजी तुमीच व्हय नाथाजीकाका! लय नाव काडतो तुमचं. डोंगरावर एका फडक्यावर जेवायचो म्हनतो." तिनं घासलेल्या फुलपात्रातून पाणी दिलं. मग खाली बघत म्हणाली, "पोराच्या हातनं चूक झाली बगा. यंतर हाललं म्हनं. तुमच्या गावाला तरास झाला. मी त्येच्या वतीनं पाया पडते, मनात ठिवू नगा."

म्हातारी खरोखरच वाकायला लागली. नाथाजी चटका बसल्यासारखा मागं सरला. "नगं, आई, नगं," तो म्हणाला. खरं काय ते तिला सांगायला हवं होतं, पण त्यानं पोरगा कुठं आहे तेवढंच विचारलं. धोंडिराम माधवनगरला मिलमध्ये बदली कामगार आहे, हे कळताच तो जवळजवळ पळालाच. त्या पाण्याचा एकेक घोट त्याला पुढचा सगळा रस्ता आठवत राहिला.

माधवनगरला पाळी सुटायची वेळ झाली होती. फाटकातून माणसं लोटली, डोक्यावर, भुवयांवर कापसाची पांढरी पूद. धोंडिराम त्यांच्यात वीस वर्षांनी म्हातारा दिसला. नाथाजीला बघून तो थांबला. हसला नाही, तोंडही फिरवलं नाही.

"धोंडिराम," नाथाजी म्हणाला, "त्ये मी हलवलं हुतं. आन् मी जेवाया गेलो नव्हतो. तुला बोल लागला, त्ये माज्यामुळं." आणि भर रस्त्यात, जाणाऱ्या-येणाऱ्यांदेखत, त्याचे डोळे भरून आले. मनात कुठंतरी त्याला वाटत होतं, की आता हा आपल्याला हाताला धरील, "जाऊ द्या, काका" म्हणेल, आणि छातीवरचा धोंडा उतरेल.

धोंडिरामनं भुवयांवरची पूद पुसली. "काका, माज्या लेखी ही गोष्ट जगात दोघास्नीच ठावी हुती. तुमास्नी आन् मला. त्यातल्या मलाच सांगाया तुमी हितवर आलाय."

नाथाजीनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"मला कशाला सांगताय?" धोंडिराम म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ज्यांच्याम्होरं माजी मान खाली गेली, त्यांच्याम्होरं सांगा. मी त्या पार्टीत चार वर्सं वजं वाहिलं. तिथली पोरं आता मला बगून रस्ता बदलत्यात." मग तो दुसऱ्या कामगारांबरोबर चालू लागला. ह्या वेळी "येतो" म्हणाला नाही.

देवस्थळी साहेबांची पार्टी त्या दिवसांत मिरजेच्या पुढच्या एका डोंगरावर होती. नाथाजी दुसऱ्या दिवशी चढून गेला तेव्हा खलाशी तंबूपुढं चहा पीत बसले होते आणि साहेब खुर्ची टाकून टिपणं बघत होते. "अरे हवालदार! या, या," ते उठून म्हणाले. "चहा द्या रे हवालदारांना."

नाथाजीनं चहा घेतला नाही. "सायब, तंबूत न्हाई. हितंच बोलतो, ह्या समद्यांम्होरं," तो म्हणाला. पाय जोडून ताठ उभा राहिला, कारण वाकून उभं राहिलं तर बोलणंच होणार नाही, हे त्याला माहीत होतं. आणि त्यानं सगळं सांगितलं. म्हैस सांगितली, नैवेद्य सांगितला, तिकाटी हातभर बाजूला ठेवली ते, डोळ्यानं परत मांडली ते. धोंडिरामनं त्याच दुपारी "सायबास्नी सांगा" म्हणून केलेली विनवणी सांगितली. आणि जेवायला गेलो नव्हतो, हे सांगितलं. म्हैस ऐकून एक पोरगा फिसकन हसला होता, तो शेवटी खाली बघायला लागला.

साहेबांचा चेहरा तापत गेला. "अहो, पण त्याच दिवशी का नाही बोललात? मी काय तुम्हाला फासावर चढवणार होतो? दोन दिवसांचं काम गेलं असतं. एका माणसाचं आयुष्य तुम्ही... का नाही बोललात?"

ह्याचं उत्तर नाथाजीनं सबंध वाटेत तयार केलं होतं. बायकोचा जाच, गावाचा दाब, देवाचं भय. पण ती सगळी कारणं त्याला स्वतःलाच खोटी वाटली, आणि आता खोटं बोलायला त्याच्यात त्राण उरलं नव्हतं.

"सायब," तो म्हणाला, "वळंबा चुकलेला दिसल्यावर तुमी आदी त्येच्याकडं बगितलं. माज्याकडं बगितलं असतं तर मी कबूल झालो असतो. पर तुमी त्येच्याकडं बगितलं, पाटलांनीबी त्येच्याकडंच बगितलं, आन् मला सोपं गेलं."

चहाचे कप हातातच राहिले. मग एकेक करून सगळ्या खलाशांच्या नजरा साहेबांकडं वळल्या.

देवस्थळींनी हातातली टिपणं मिटली. मान खाली घातली.

"जीप काढा," शेवटी ते म्हणाले. "माधवनगरला जायचंय." आणि नाथाजीकडं न बघताच, "तुम्हीही चला."

नाथाजी मागच्या बाजूला बसला, साहेब पुढं. पाळी सुटायच्या आत फाटकावर पोचायचं होतं. सगळ्या रस्त्यात दोघांपैकी एकानंही दुसऱ्याकडं मान वर करून बघितलं नाही.